चौकटीबाहेर ठेवलेली माणसे : दगड-दर्याच्या छायाचित्रांविषयी

जग मोडून पडत असताना ॲडम्स आणि वेस्टन हे दोघे दगडांचे फोटो काढत बसले आहेत, अशा आशयाचा टोला फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ याने १९३० च्या दशकात मारला होता. छायाचित्रकलेच्या चर्चेत तो अजूनही उगाळला जातो. आपल्या चळवळीतल्या वाचकाला तो पहिल्या फटक्यात पटेल, यात शंका नाही. चंद्र, चांदणे, डोंगर आणि दर्या यांवर पोसलेल्या मध्यमवर्गीय साहित्याशी आपण इतकी वर्षे भांडत आलो आहोत की 'निसर्ग' हा शब्द ऐकला तरी आपले कान टवकारतात. मला मात्र हा टोला अपुरा वाटतो. अपुरा अशासाठी की त्यात दोष दगडाच्या माथी मारला आहे. दगडाचा फोटो काढणे हा काही गुन्हा नाही. तो दगड कुणाच्या अंगणातला होता, तो कुणी फोडला, तेथून कुणाला हुसकून लावले आणि फोटोत ती माणसे का उरली नाहीत, हे विचारले पाहिजे. कार्तिए-ब्रेसाँने ते विचारले नाही. ते विचारण्याची सवय आपल्याला आहे, कारण आपणही अशाच एका चौकटीबाहेर, गावकुसाबाहेर, पिढ्यान् पिढ्या ठेवले गेलो.

ज्यांच्याविषयी हा टोला होता ते दोघे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅलिफोर्नियाचे. एडवर्ड वेस्टन (१८८६-१९५८) १९२९ साली कार्मेल या समुद्रकाठच्या गावी राहायला आला आणि तेथून चार पावलांवर असलेल्या पॉइंट लोबोस या खडकाळ भूशिरावर पुढची जवळजवळ वीस वर्षे कॅमेरा घेऊन जात राहिला. ॲन्सेल ॲडम्स (१९०२-१९८४) सान फ्रान्सिस्कोत जन्मला. १९१६ साली चौदा वर्षांचा असताना तो योसेमिटी या ग्रॅनाइटच्या प्रचंड कड्यांच्या दरीत प्रथम गेला, घरच्यांनी दिलेला साधा डबा कॅमेरा घेऊन. पुढे त्याच दरीत दुकान असलेल्या एका चित्रकाराच्या मुलीशी त्याने लग्न केले आणि सासऱ्याच्या पश्चात ते दुकानही चालवले. १९६२ पासून तो कार्मेलजवळ समुद्रासमोर घर बांधून राहिला. म्हणजे दोघांनीही दूरदेशी जाऊन नव्हे, घराजवळचा किनारा आणि घराजवळचा डोंगर टिपला. 'घराजवळचा' या शब्दावर थोडे थांबा. कुणाच्या घराजवळचा?

आपल्या त्रैमासिकात हा विषय कशासाठी, असे कुणी म्हणेल. कारण या दोघांनी, विशेषतः ॲडम्सने, डोंगर कसा पाहावा याचे व्याकरणच घालून दिले, आणि त्यांचे नाव न ऐकलेला आपला मुलगाही ते व्याकरण आज गिरवतो आहे. हातात मोबाईल आलेला महाविद्यालयीन विद्यार्थी पावसाळ्यात किल्ल्यावर जातो, बुरुजावर उभा राहतो आणि चौकटीतून माणसे बाजूला होईपर्यंत थांबतो. ताक विकणारी म्हातारी हलली की मग फोटो. 'माणूस आला की फोटो बिघडतो' हे त्याला कुणी शिकवले? शाळेत तर शिकवले नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरांनी शिकवले, आणि त्या कॅलेंडरांची वंशावळ शोधत गेलो तर आपण योसेमिटीच्या दरीत पोहोचतो.

ॲडम्सचे नाव ज्या एका छायाचित्राने झाले ते १० एप्रिल १९२७ रोजी काढलेले आहे. हाफ डोम नावाचा ग्रॅनाइटचा अर्धगोल डोंगर, त्याचा सरळ तुटलेला कडा. बर्फातून चढून जाऊन तो एका कपारीवर पोहोचला तेव्हा त्याच्याजवळ काचेच्या दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली त्याने पिवळ्या फिल्टरने घेतली. मग त्याच्या ध्यानात आले की आपल्याला जे जाणवते आहे ते यात उतरणार नाही. दुसऱ्या प्लेटेला त्याने गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो. त्यामुळे आकाश जवळजवळ काळे झाले आणि कडा त्या काळोखातून अंगावर आला. डोळ्याला दिसते ते आणि मनाला भावते ते यांतले अंतर ओळखून ते हेतुपुरस्सर निगेटिव्हवर उतरवणे, हे त्या दिवशी त्याला गवसले. कलावंत म्हणून ही मोठी गोष्ट आहे आणि ती मोठीच म्हटली पाहिजे. पण एक तारीख माझ्या मनातून जात नाही. त्याच्या बरोबर तीन आठवडे आधी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. मी तो जोडतही नाही. एवढेच म्हणतो, की त्या वसंतात एका माणसाला डोंगरावर हवे तिथे उभे राहण्याचा अधिकार इतका सहज होता की तो अधिकार आहे हेच त्याच्या गावी नव्हते. आणि हजारो माणसांना तळ्याच्या पायऱ्या उतरण्यासाठी डोकी फोडून घ्यावी लागत होती. निसर्गाकडे 'निव्वळ' पाहता येणे ही भूक, भय आणि बंदी यांतून सुटलेल्या माणसाची मिळकत असते.

आणि ती मिळकत योसेमिटीत आली कुठून? तेथे अहवानीची लोक राहत होते. दरीला त्यांच्या भाषेत अहवानी म्हणत. १८५१ च्या मार्चमध्ये सोन्याच्या मागे आलेल्या गोऱ्यांनी उभारलेली मारिपोसा बटालियन त्या दरीत घुसली. लोकांनी हिवाळ्यासाठी साठवलेले ओकच्या फळांचे साठे जाळले, वस्त्या पेटवल्या आणि माणसांना हाकून सपाटीवरच्या छावणीकडे नेले. 'योसेमिटी' हे नावसुद्धा त्यांचे स्वतःचे नव्हे. शेजारच्यांनी त्यांच्यासाठी वापरलेला तो शब्द असून त्याचा अर्थ जवळपास 'मारेकरी' असा होतो. नाव दुसऱ्याने ठेवायचे आणि तेही शिवीसारखे, हा अनुभव आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. त्यांचा प्रमुख तेनाया पकडला गेला तेव्हा बटालियनमधल्या बनेल नावाच्या इसमाने एका तलावाला त्याचेच नाव द्यायचे ठरवले आणि मोठ्या कौतुकाने ते त्याला सांगितले. तेनाया म्हणाला, त्या तलावाला नाव आहेच. त्यांच्या भाषेत ते 'पायवीॲक', लखलखत्या खडकांचे पाणी. ते नाव पुसले गेले आणि ज्याला हाकलले त्याचे नाव नकाशावर चढले. ॲडम्सने त्या तेनाया तलावाची अप्रतिम छायाचित्रे काढली आहेत. पाणी निश्चल, खडक लखलखीत. जुने नाव किती अचूक होते हे त्या छायाचित्रांवरूनच पटते!

दहा वर्षांनी, १८६१ साली, कार्लटन वॉटकिन्स खेचरांवर प्रचंड कॅमेरा आणि काचा लादून दरीत आला. त्याची भव्य छायाचित्रे पूर्वेकडच्या शहरांत पोहोचली, आणि १८६४ साली लिंकनच्या सहीने ही दरी सार्वजनिक उपभोगासाठी राखून ठेवण्यात आली. १८९० साली राष्ट्रीय उद्यान झाले. म्हणजे आधी बंदूक, मग कॅमेरा, मग कायदा. 'कुमारी भूमी' अशी तयार होते. ती सापडत नाही, ती करावी लागते.

या सौंदर्यदृष्टीला विटाळाची कल्पनाही परकी नव्हती. जॉन म्यूर हा त्या पर्वतांचा सर्वांत मोठा भक्त, सिएरा क्लब या संस्थेचा १८९२ मधला संस्थापक. १८९४ च्या आपल्या पुस्तकात घाटात भेटलेल्या आदिवासींविषयी त्याने लिहिले ते थोडक्यात असे, की ही माणसे घाण आहेत आणि या निसर्गदृश्यात त्यांना योग्य अशी जागाच दिसत नाही. बर्फाने धुतलेला डोंगर पवित्र आणि त्या डोंगरात हजारो वर्षे राहिलेला माणूस अमंगळ! मनुस्मृती न वाचताही माणूस येथे पोहोचू शकतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. २०२० साली सिएरा क्लबने आपल्या संस्थापकाच्या वंशवादी विचारांची जाहीर कबुली दिली. ॲडम्स १९३४ पासून १९७१ पर्यंत याच संस्थेच्या संचालक मंडळावर होता. तो म्यूरसारखे बोलणारा नव्हता. उलट उदारमतवादी होता. पण म्यूरने शब्दांत जे सांगितले ते ॲडम्सच्या चौकटीने न बोलता पार पाडले. त्याच्या गाजलेल्या डोंगरचित्रांत अहवानीची नाहीत. आणि ते तेव्हा दरीत होते! १९१६ ते १९२९ या काळात, म्हणजे नेमका ॲडम्स तेथे घडत होता त्या वर्षांत, 'इंडियन फील्ड डेज' नावाचा तमाशा दरीत भरे. प्रवाशांना खरे वाटावे म्हणून तेथल्या मूळ रहिवाशांना मैदानी प्रदेशातल्या टोळ्यांचा पिसांचा पोशाख घालायला लावत. जगायचे तर दुसऱ्याच्या कल्पनेतला आदिवासी होऊन जगायचे. त्यांची शेवटची घरे १९६९ साली उद्यान प्रशासनाने आग विझवण्याच्या सरावासाठी जाळून टाकली. १८५१ ची आग आणि १९६९ ची आग, दोन्ही सरकारीच.

त्या उद्यानाची राखण १८९९, १९०३ आणि १९०४ या वर्षांच्या उन्हाळ्यांत लष्करातल्या काळ्या सैनिकांनी केली होती, हेही पुष्कळ काळ कुणाला ठाऊक नव्हते. शेल्टन जॉन्सन या काळ्या वनरक्षकाला दप्तरात १८९९ सालचे त्यांचे एक छायाचित्र आढळले आणि मग त्याने तो इतिहास लोकांसमोर आणला. छायाचित्र होते, पाहणारा नव्हता.

ॲडम्सच्या तंत्राविषयी थोडे. निव्वळ काळ्यापासून निव्वळ पांढऱ्यापर्यंत उजेडाच्या अकरा पायऱ्या करून, दृश्यातला कोणता भाग कोणत्या पायरीवर बसवायचा हे आधीच ठरवून कॅमेऱ्याची कळ दाबायची, अशी 'झोन सिस्टिम' त्याने फ्रेड आर्चर या सहकाऱ्याबरोबर १९४० च्या सुमारास बसवली. तिचा पहिला दंडक असा, की सावलीकडे पाहून प्रकाश ठरवा. दाट सावलीतलाही तपशील हरवता कामा नये. मला हा दंडक फार आवडतो. आपल्या लेखकांनी तो पाठ करावा असा आहे. दगडाच्या भेगेतला अंधार ज्याला सहन होत नव्हता, त्या माणसाला दरीतल्या माणसांवरची सावली मात्र दिसली नाही. हे कौशल्याचे अपयश म्हणता येत नाही. डोळा तयार होता. त्याला कुठे वळवायचे हे ज्या संस्कृतीने ठरवले तिचा तो दोष आहे.

वेस्टनचे प्रकरण वेगळे आहे आणि त्याला ॲडम्सच्याच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तो भव्यतेच्या मागे नव्हता. गिऱ्हाइकांचे चेहरे टिपून पोट भरणारा, लाकडी झोपडीवजा घरात राहणारा माणूस. पॉइंट लोबोसला तो खाली वाकून पाहतो. लाटांनी झिजवलेला खडक, पिळवटलेल्या सायप्रसची मुळी, किनाऱ्यावर फेकलेले समुद्रशैवाल, मरून पडलेला पाणकोळी. क्षितिज बहुधा नसतेच. जे पायाखाली येते ते डोळ्यांसमोर आणायचे, असा त्याचा बाणा. ढोबळ्या मिरचीचे १९३० मधले छायाचित्र त्याने एवढ्या आदराने काढले की ती मिरची कुणा पहिलवानाच्या पाठीसारखी दिसते. त्यापूर्वी १९२५ साली मेक्सिकोत त्याने शौचकूपाचे भांडे टिपले होते आणि त्याच्या घाटावर तो बेहद्द खूष होता. येथे मात्र आपल्याला हसू येते, आणि ते हसू कडू आहे. शौचकूप सुंदर दिसण्यासाठी तो रोज साफ करण्याचे काम दुसऱ्या कुणाकडे असावे लागते.

तरीही क्षुद्र मानलेल्या वस्तूला प्रतिष्ठा देण्याची ही वृत्ती आपल्याला जवळची आहे. चुलीची राख, फाटकी वाकळ, मेलेले ढोर यांना दलित साहित्याने शब्दांत आणले तेव्हा प्रस्थापितांनी नाके मुरडली होती. वेस्टनला आणि आपल्याला वेगळे करते ते असे, की त्याच्यासाठी वस्तू म्हणजे आकार. आपल्यासाठी वस्तू म्हणजे हात. वाकळ कुणी शिवली, ढोर कुणी ओढले, हे विसरून आपल्याला तिच्या आकाराकडे पाहताच येत नाही. पॉइंट लोबोसचा किनारा अशाच हातांनी भरलेला होता. तेथे मुळात रुमसेन लोक शिंपल्या खात, मासे धरत. १८५० च्या दशकात चिनी कोळी आले. त्यांनी बांधलेली एक झोपडी आजही उभी आहे. त्याच खाडीकाठी ग्रॅनाइटची खाण चालली. पोर्तुगीज देवमासे मारायला आले. मग १८९० च्या दशकाच्या अखेरीस गेन्नोसुके कोदानी हा जपानी माणूस आला. खडकाला घट्ट चिकटून राहणारा अबलोनी नावाचा मोठा शिंपला त्या थंड पाण्यात बुडी मारून काढणारे पाणबुडे त्याने जपानहून आणवले, आणि जमिनीच्या मालकाच्या भागीदारीत तो डबाबंद करण्याचा कारखाना चालवला. तो कारखाना बंद पडण्याच्या बेतात होता त्या सुमारास वेस्टन तेथे फोटो काढू लागला. १९३३ साली जागा राज्याने राखीव केली. वेस्टनच्या खडकांत छिन्नीचा, पाणबुड्याच्या शिशाच्या बुटांचा किंवा जाळे वाळवणाऱ्या बाईचा माग नाही. १९४८ साली कंपवाताने हात थरथरू लागल्यावर त्याने अखेरचे छायाचित्र काढले ते पॉइंट लोबोसच्या गोट्यांचे. मी ते पुष्कळ वेळ पाहत राहतो. ते खोटे नाही. पण ते पाहताना मला तो पाणबुड्या आठवतो, जो त्याच दगडांना वेगळ्या कारणाने ओळखत होता.

जपानी माणसे आणि हे दोन छायाचित्रकार यांची गाठ पुढे मान्झनारला पडली, आणि या सगळ्या प्रश्नाचा निकाल खरे तर तेथेच लागतो.

१९ फेब्रुवारी १९४२ च्या सरकारी हुकुमाने किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या माणसांना घरादारांतून उठवून छावण्यांत कोंडण्यात आले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. मान्झनार ही त्यांतली एक छावणी, सिएरा पर्वताच्या पूर्व पायथ्याशी, कोंडलेली माणसे दहा हजारांच्या घरात. त्या खोऱ्यातून पायूट आदिवासींना १८६३ साली हाकलले होते, आणि १९१३ पासून खोऱ्याचे पाणी लांब कालव्याने लॉस एंजेलिस शहराकडे नेले जात होते. मान्झनार म्हणजे सफरचंदांची बाग. बाग कधीच वाळून गेली होती. आधी माणसे नेली, मग पाणी नेले, आणि उरलेल्या धुळीत पुन्हा दुसरी माणसे आणून कोंडली.

१९४२ साली सरकारने डोरोथिया लँगला छावण्यांचे फोटो काढायला नेमले. तिने धूळ, रांगा, गळ्यात चिठ्ठ्या अडकवलेली मुले टिपली. ते फोटो लष्कराने दाबून ठेवले. १९४३ साली छावणीचा संचालक ॲडम्सच्या ओळखीचा होता म्हणून त्याने ॲडम्सला बोलावले. ॲडम्सच्या बाजूने सांगायचे तर तो अन्यायाच्या चिडीनेच गेला आणि युद्ध चालू असतानाच १९४४ साली त्याने 'बॉर्न फ्री अँड इक्वल' हे पुस्तक काढले. ते धाडसाचे होते. पहाऱ्याचे मनोरे, तारा आणि सैनिक यांच्या फोटोंना तेथे बंदी होती. त्याने हसरे, नीटनेटके चेहरे जवळून टिपले. हे सगळे आपल्यासारखेच चांगले अमेरिकन आहेत, हे सांगण्यासाठी. मला हा युक्तिवाद खटकतो. माणूस हसरा, स्वच्छ, शिकलेला आहे म्हणून त्याला कोंडू नये, असे म्हणण्यात जो हसत नाही त्याला कोंडले तर चालेल अशी फट राहते. 'स्वच्छ राहा, मग शिवून घेऊ' असे सांगणाऱ्या सुधारकांची जात आपण येथेही पाहिली आहे.

पण त्याहून खटकते ते डोंगराविषयीचे त्याचे म्हणणे. भोवतालच्या पर्वतांच्या भव्यतेने कोंडलेल्या माणसांना बळ दिले, असे त्याला मनापासून वाटत होते. मान्झनारहून त्याने माउंट विल्यमसन टिपला. पुढे अंगावर येणारे ग्रॅनाइटचे शेकडो धोंडे, मागे ढगांतून फुटणारा उजेड. जगातल्या नामांकित निसर्गचित्रांत त्याची गणना होते. १९५५ च्या 'फॅमिली ऑफ मॅन' या गाजलेल्या प्रदर्शनात ते भिंतीएवढे मोठे करून लावले होते. शीर्षकातला 'मान्झनारहून' हा एक शब्द सोडला तर त्यात तार नाही, मनोरा नाही. कुठे उभे राहून पाहिले ते नावात राहिले आणि चित्रातून गेले. त्याच वर्षी जवळच्या लोन पाइन गावातून त्याने बर्फाच्छादित शिखरांचा सूर्योदय टिपला. पुढच्या काळ्या टेकडीवर शाळेच्या पोरांनी पांढऱ्या दगडांनी गावाची आद्याक्षरे काढली होती. ॲडम्सने ती निगेटिव्हवरून पुसून टाकली आणि हे त्याने नंतर स्वतःच लिहूनही ठेवले. ती पोरे काही दीनदुबळी नव्हती, तेव्हा मी त्यावर अश्रू ढाळत नाही. पण पद्धत पाहा. माणसाची खूण म्हणजे डाग, आणि डाग पुसणे म्हणजे सत्य उजळणे!

त्याच छावणीत तोयो मियाताके होता. लॉस एंजेलिसच्या जपानी वस्तीतला छायाचित्रकार. १९२० च्या दशकात वेस्टनला फारसे कुणी विचारत नव्हते तेव्हा मियाताके आणि त्याच्या वस्तीतल्या कलावंत मित्रांनी त्याची प्रदर्शने भरवली, त्याचे प्रिंट विकत घेतले. वेस्टनचा तो परिचय आणि त्याचे संस्कार घेऊन घडलेला हा माणूस १९४२ साली कुटुंबासह कोंडला गेला. कॅमेरा बाळगायला बंदी. त्याने लेन्स लपवून आत नेली आणि छावणीतल्या सुताराकडून लाकडाचा डबा करून घेतला, जेवणाच्या डब्यासारखा दिसणारा. पुढे पकडला गेला, पण अधिकाऱ्यांनी त्याला फोटो काढू द्यायचे ठरवले. अट एकच. त्याने कॅमेरा मांडायचा, प्रकाश जुळवायचा, नेम धरायचा. कळ मात्र गोऱ्या माणसाने दाबायची. काही काळ असेच चालले. वाचक हो, ही अट आपल्याला कुठे तरी भेटलेली आहे. विहीर आपण खणायची, दगड आपण काढायचे, पाणी वरून दुसऱ्याने ओतायचे. मियाताकेच्या एका छायाचित्रात काटेरी तारेपाशी तीन मुले उभी आहेत, मागे पहाऱ्याचा मनोरा आणि त्याच्याही मागे तोच पर्वत. ॲडम्सच्या डोंगराची सर त्या डोंगराला नाही. तो फिकट आहे, लांब आहे. तारेआडून डोंगर तसाच दिसतो.

हे वाचून कुणी म्हणेल, की मग ॲडम्सचे सगळे फेकून द्यावे. मी तसे म्हणत नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. १९३२ साली ॲडम्स, वेस्टन आणि इतरांनी 'एफ ६४' या नावाचा गट काढला. लेन्सचे छिद्र अगदी बारीक ठेवले की जवळच्या खड्यापासून लांबच्या शिखरापर्यंत सगळे लख्ख येते, त्यावरून ते नाव. धूसर, गुलाबी, गळेकाढू छायाचित्रकलेविरुद्धचे ते बंडच होते. त्यांचे पहिले प्रदर्शन त्या वर्षी सान फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात भरले. आता पुढचे पाहा. युद्धानंतर ॲडम्सने त्या शहरात छायाचित्रकलेचा वर्ग सुरू केला. पर्कल जोन्स आणि रूथ-मॅरियन बारूख हे त्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. जोन्स नंतर काही वर्षे ॲडम्सचा मदतनीस होता. १९६८ साली या नवराबायकोंनी खाडीपलीकडच्या ओकलंडला जाऊन ब्लॅक पँथरांची छायाचित्रे काढली. सभेतले चेहरे, कडेवरची मुले, पोलिसांच्या गोळ्यांनी फुटलेली कार्यालयाची काच आणि तिच्या आत ह्यूई न्यूटनचे चित्र. फुटलेल्या काचेचा तडा न् तडा त्यात मोजता येतो, योसेमिटीच्या कड्यावरच्या भेगा मोजता याव्यात तसा. आणि ती छायाचित्रे त्या वर्षाअखेरीस लागली ती त्याच डी यंग संग्रहालयात. ओकलंडच्या त्या पँथरचे नाव चार वर्षांनी, १९७२ साली, मुंबईत आपल्या तरुणांनी घेतले. डोंगर टिपण्यासाठी घासून तयार झालेली नजर पँथरांकडे वळली आणि बोथट ठरली नाही. म्हणून अवजार मोडू नका. गवंड्याचा ओळंबा ब्राह्मणाच्या वाड्याला लावला होता म्हणून तो आपल्या भिंतीला खोटा पडत नाही.

आपल्याकडचा सह्याद्री ग्रॅनाइटचा नाही, काळ्या बेसॉल्टचा आहे. पण व्याकरण तेच आले. माथेरान-महाबळेश्वरच्या कड्यांना साहेबांची नावे पडली. ठाकर, कातकरी, धनगर त्या कड्यांना काय म्हणत, हे पॉइंटवरच्या पाटीवर नसते. खडी फोडणारा वडार आणि खाणीत धूळ खाणारी बाई डोंगराच्या फोटोत येत नाही. ती 'मजुरांचे प्रश्न' या वेगळ्या कप्प्यात येते. आपले छायाचित्रकारही पुष्कळदा या वाटणीला निमूट मान देतात. दुःख असेल तेथे माणूस टिपायचा, सौंदर्य असेल तेथे दुसऱ्यांनी टिपायचे. ही वाटणी मला मान्य नाही. गावकुसाबाहेरच्या घरातूनही डोंगर दिसतो, आणि तो गावातून दिसतो तसा दिसत नाही. ओढा खालच्या अंगाला कसा पोहोचतो, शेणकुटाच्या भारा डोक्यावर असताना चढण किती उभी वाटते, ही त्या डोंगराचीच माहिती आहे. ती टिपणारा आपला माणूस डोंगराचा फोटो काढतो आहे असेच म्हटले पाहिजे, आणि त्याला डोंगराच्या छायाचित्रकारांच्या पंगतीत बसवले पाहिजे.

तमिळनाडूतला एम. पळनी कुमार याचे काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. गटारात उतरून मरणाऱ्या सफाई कामगारांवरच्या 'कक्कूस' (२०१७) या माहितीपटाचे कॅमेऱ्याचे काम त्याने केले. २०१९ साली त्याने रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर समुद्रशैवाल गोळा करणाऱ्या बायकांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. साडीवर सदरा चढवून, बोटांना फडक्याच्या पट्ट्या गुंडाळून त्या खवळलेल्या समुद्रात उतरतात, श्वास कोंडून तळाशी जातात आणि खडकाला चिकटलेले शैवाल हाताने उपटून आणतात. समुद्र त्या छायाचित्रांत हिरवा आहे, दाट आहे, सुंदर आहे. वेस्टनने पॉइंट लोबोसला जे शैवाल टिपले ते लाटेने आपसूक किनाऱ्यावर आणून टाकलेले होते. हे शैवाल जाळीच्या पिशवीत आहे, पिशवी बाईच्या कमरेला बांधलेली आहे, आणि बाई पाण्याखाली आहे. कॅमेराही तिच्याबरोबर खाली गेलेला आहे.